तूर्तबाईंनी चार्ज घेतला नाही

दवाखान्याच्या तळमजल्यावर, जिन्याच्या मागे एक गरम खोली आहे. ऑपरेशनला लागणाऱ्या कात्र्या, चिमटे, वाट्या, कापडं तिथे येतात, धुतली जातात, दुहेरी कापडात बांधली जातात आणि वाफेच्या यंत्रात जाऊन निर्जंतुक होतात. गाठोडं बाहेर आलं की त्याच्या चिठ्ठीवर खोलीच्या प्रमुखाची सही लागते. सही नसेल तर वरचे सर्जन गाठोड्याला बोटसुद्धा लावत नाहीत. गेली चौदा वर्षं ती सही तूर्तबाईंची.

हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. खरं नाव हजेरीपुस्तकात आहे, पण तिथून ते सहसा बाहेर पडत नाही. जुन्या प्रमुख सिस्टर निवृत्त झाल्या, तेव्हा मदतनीस असलेल्या बाईंच्या हातात एक इंग्रजी ऑर्डर पडली. घरी भाचीने ती वाचून दाखवली. भाची तेव्हा शाळेत होती.

"'इन्चार्ज, फॉर द टाइम बीइंग.'"

"इन्चार्ज म्हणजे मीच ना? मग हे मागे शेपूट कसलं लावलंय?"

"म्हणजे तूर्त, मावशी. सध्यापुरतं."

"सध्यापुरतं म्हणजे किती?"

"ते नाही लिहिलेलं."

दुसऱ्या दिवशी बाईंनी भोळेपणाने सगळ्यांना सांगितलं, "मी तूर्त इन्चार्ज आहे." झालं! दवाखान्याला तेवढंच हवं होतं. आधी पाठीमागे, मग तोंडावर, त्या तूर्तबाई झाल्या.

मोठे साहेब बदलत गेले आणि ऑर्डरीची शेपटं बदलत गेली. एका साहेबांना 'प्रो टेम' आवडायचं. दुसऱ्यांनी 'ॲड इंटरिम' आणलं. तिसऱ्यांनी 'अंटिल फर्दर ऑर्डर्स' असं लांबलचक काहीतरी लिहिलं, ते बघून बाईंना वाटलं, एवढं लिहिलंय त्या अर्थी काम झालं! पेढा आणायचा बाकी होता. भाची तोवर कॉलेजात गेली होती. तिने कागद वाचला आणि मान हलवली.

"मावशी, अर्थ तोच. इंग्रजीत माणूस आधी येतो आणि हे सगळं त्याच्या मागून येतं."

"कळलं. आधी खुर्ची द्यायची आणि बसायला गेलं की मागून ओढायची."

या शेपटाबरोबर एक रिवाजही आला होता. तात्पुरत्या माणसाचा चार्ज नव्वद दिवसांचा. नव्वदाव्या दिवशी एक छापील कागद यायचा. वर 'चार्ज दिला', खाली 'चार्ज घेतला'. देणाऱ्या तूर्तबाई, घेणाऱ्याही तूर्तबाई. वर सही करायची, कपाटाची किल्ली टेबलावर ठेवायची, खाली सही करायची, किल्ली उचलायची. बाईंनी हा खेळ छप्पन्न वेळा खेळला होता. हेडक्लार्क गंमत करायचे, "बाई, किल्ली नीट मोजून घ्या हं, देणारीचा भरवसा नाही!" पहिल्यांदा बाई हसल्या होत्या. आता पुरे झालं होतं.

कारण निवृत्तीला पाच महिने राहिले होते. नियम असा, की तात्पुरता माणूस निवृत्त होताना आपल्या मूळ जागी परत जातो. म्हणजे शेवटच्या दिवशी बाई पुन्हा मदतनीस. आणि वरच्या मजल्याच्या बोळात लाकडी बोर्ड आहे, त्यावर प्रत्येक विभागाच्या प्रमुखांची नावं आणि सालं रंगवलेली आहेत. गरम खोलीच्या रकान्यात शेवटचं नाव जुन्या सिस्टरचं. त्याखाली कोरं लाकूड. बाई त्या बोळातून रोज जायच्या आणि रोज तिकडे बघायच्या. त्यांना दुसरं काही नको होतं, ती एक ओळ हवी होती. अकरा अर्ज केले. प्रत्येकाला उत्तर एकच, विचाराधीन. अकरा अर्जांचं भिजत घोंगडं साहेबांच्या ट्रेमध्ये पडून होतं.

"साहेब, एकदा वर शिफारस पाठवा ना," त्या शेवटचं सांगून आल्या.

साहेब फायलीतून डोकं वर न काढता म्हणाले, "बघू. तूर्त चालू द्या."

तूर्त! बाईंचं डोकंच फिरलं. घरी येऊन त्यांनी भाचीला बसवलं आणि दवाखान्याचं नियमांचं जाडजूड पुस्तक तिच्यापुढे आपटलं. "चार्जचं पान काढ. शब्द न् शब्द सांग." भाचीने वाचलं. एका कलमावर बाईंनी तिचा हात धरला. "थांब. हे परत वाच." चार्ज घेणारा कोणी नसेल, तर तो ऑर्डर काढणाऱ्या अधिकाऱ्याकडे जातो.

"मावशी, तुझ्या डोक्यात काय चाललंय?"

"काही नाही. मी नियमाप्रमाणे वागणार आहे."

सत्तावन्नावा कागद आला. बाई त्या दिवशी नेहमीसारख्या सहाला कामावर होत्या. सगळी यंत्रं लावली, सगळी गाठोडी काढली, प्रत्येकावरची, पुरेशी वाफ लागली की काळी पडणारी टेप काळी झाली का ते बघितलं. रोग्याच्या जिवाशी खेळ करणाऱ्यांतल्या त्या नव्हेत. मग हात पुसून वर गेल्या, 'चार्ज दिला' खाली सही ठोकली, आणि कागद अन् किल्ली साहेबांच्या पुढ्यात ठेवली.

"खालची सही राहिली, बाई."

"राहिली नाही. मी घेत नाहीये."

"म्हणजे? गाठोड्यांवर सह्या कोण करणार?"

"नियमाप्रमाणे आपण. मी मदतनीस आहे, खाली आहेच. सांगाल ते करेन."

साहेबांचा चेहरा लाल झाला. "हा शुद्ध आडमुठेपणा आहे!"

"हो साहेब," बाई म्हणाल्या. "चौदा वर्षं शहाणपणा करून बघितला."

पहिलं ऑपरेशन नऊला होतं. साहेब तणतणत तळमजल्यावर उतरले. त्या खोलीत ते आजवर दारापर्यंतच आले होते. चष्म्यावर वाफ जमली. पेन काढून ते भराभरा सह्या करू लागले आणि सातव्यावर सही होताच बाईंनी त्या गाठोड्यावर हात ठेवला.

"हे नाही."

"का? टेप काळी आहे की!"

"खालून हात लावा. ओलं आहे. ओलं गाठोडं बाद, पुन्हा बांधायचं, पुन्हा लावायचं. असंच वर गेलं तर जखम चिघळेल, आणि चिठ्ठीवर सही आपली असेल."

साहेबांनी हात लावला. गाठोडं खरंच ओलसर होतं. त्यांनी सही खोडली. मग मागची सहाही उलटून बघितली, एकेक करून. त्या दिवशी चौसष्ट गाठोडी झाली. दुसऱ्या दिवशी एकाहत्तर. दुपारपर्यंत साहेबांच्या कॉलरचा चोळामोळा झाला, मीटिंगा राहिल्या, वरून सर्जनांचे फोनावर फोन. बोळात हेडक्लार्कने कोणाच्या तरी कानात 'तूर्तसाहेब' म्हटलं आणि ते साहेबांच्या कानावर गेलंच. बाई मात्र शेजारी उभ्या राहून मदतनिसाने द्यावं ते सगळं देत होत्या, चिठ्ठी, कात्री, टेप. टोमणा एकही नाही. तो न मारणं हेच सगळ्यात अवघड गेलं, असं त्या नंतर भाचीला म्हणाल्या.

तिसऱ्या दिवशी शेवटच्या गाठोड्याची सही झाल्यावर साहेब स्टुलावर बसले आणि त्यांनी कपाळ पुसलं.

"हे रोज?"

"रोज."

"एकही ओलं गेलं नाही वर? चौदा वर्षांत?"

"एकही नाही."

साहेबांनी तिथेच चिठ्ठ्यांच्या गठ्ठ्यावर कागद ठेवून शिफारस लिहिली. बाईंनी एकच अट घातली, पद पहिल्या दिवसापासून धरायचं. साहेबांनी तसं लिहिलं, सही केली आणि किल्ली पुढे केली. "शिफारस मी स्वतः घेऊन जातो. तोवर..."

"तोवर आहे मी," बाई म्हणाल्या. सत्तावन्नाव्या कागदावर खालची सही झाली.

सहा आठवड्यांनी ऑर्डर आली. भाचीने पद वाचलं, नाव वाचलं आणि थांबली.

"पुढे वाच की गं."

"पुढे काही नाही, मावशी. टिंब आहे." आणि मावशी-भाची दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या.

पेंटर आला तेव्हा बोळात निम्मा दवाखाना जमला होता. त्याने बाईंचं नाव रंगवलं, साल घातलं. कोणीतरी साहेबांना पुढे ढकललं. साहेब खाकरले आणि हसत म्हणाले, "मधले तीन दिवस चार्ज माझ्याकडे होता बरं का. हिशेबाने माझंही नाव यायला हवं."

पेंटरने ब्रश उचलून बाईंकडे पाहिलं. "लिहू का?"

"नको," बाई म्हणाल्या. "तात्पुरत्यांची नावं या बोर्डावर लावत नाहीत."