आधीच धरून ठेवलेली खोली

९ जानेवारी, सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटे. तो तक्रार अर्ज माझ्या टेबलावर आला ती वेळ मला अजून आठवते. भौतिकशास्त्रात एमएस्सी करून मी पोलीस उपनिरीक्षक झाले होते. पुढे न्यायवैद्यक विज्ञानातील संशोधनासाठी मी सेवा सोडली; पण तेव्हा वसईतील त्या ठाण्यात माझे दुसरेच वर्ष सुरू होते.

तक्रारदार वसईतल्याच होळी गावचा. केळी आणि भाजीपाल्याची वाडी होती. पत्नी आणि आईला घेऊन तो सिंगापूरहून निघणाऱ्या जहाजाच्या सहलीला गेला होता. सहल आखली होती नालासोपाऱ्याच्या एका बाईंनी. मुंबईत अनेक वर्षे प्रवास कंपनीत नोकरी करून त्यांनी नुकताच स्वतःचा व्यवसाय सुरू केला होता.

थायलंडमधील एका बेटावर जहाज दिवसभर थांबले. गटातील बाकी सर्व जण, तक्रारदाराची आईसुद्धा, जहाजाच्याच बसने फिरायला गेले. तक्रारदार आणि त्याची पत्नी मात्र बाईंनी ठरवून दिलेल्या स्वतंत्र गाडीने गेले. दोघे धक्क्यावर परतले तेव्हा जहाज सुटत होते. आई जहाजावर एकटी राहिली आणि तिच्या रक्तदाबाच्या गोळ्या मुलाच्या पिशवीत. मुलगा-सून ती रात्र बेटावरच्या हॉटेलात काढून विमानाने पुढचे बंदर गाठेपर्यंत तिला चक्कर येऊन ती पडली होती.

"साडेचारच्या आत या म्हणाल्या. आम्ही चार वाजून पाच मिनिटांनी हजर!" तक्रारदार टेबलावर बोट आपटत म्हणाला. "आईला काही झालं असतं तर?"

"पण जहाजाची सहल सोडून वेगळी गाडी कशासाठी केली?" मी विचारले.

"त्यांच्या सहलीत एक देऊळ आणि चार दुकानं. मला तिकडच्या वाड्या बघायच्या होत्या. ते केळीला पाणी कसं देतात, घड कसे झाकतात." मग आवाज उतरवून म्हणाला, "वाडी झकास होती. त्यात खोटं नाही बोलणार."

त्याच दुपारी ठाण्यात एक निनावी फोन आला. 'त्या बाईचं तिकडच्या हॉटेलवाल्याशी साटंलोटं आहे. जहाज सुटायच्या आधीपासून खोली धरून ठेवली होती.' फोन करणारा त्याच धंद्यातला असावा, असा माझा अंदाज होता. पण हेतू वाईट असला म्हणून माहिती खोटी ठरत नाही. मी हॉटेलला विचारणा केली. माहिती खरी निघाली.

दुसऱ्या दिवशी बाईंना जबाबासाठी बोलावले. त्यांच्यावर फसवणुकीचा गुन्हा दाखल करायचा की नाही, हे माझ्या प्राथमिक चौकशीवर ठरणार होते. बुधवारी त्यांचा पुढचा गट निघायचा होता. गुन्हा नोंदला गेला असता तर तो गट मोडला असता, आणि वसई-विरारमध्ये त्यांच्याकडे पुन्हा कोणी सहल ठरवली नसती. बाईंना हे पुरते ठाऊक होते. पाण्याचा पेला त्यांनी हातात धरला, पण घोट घेतला नाही.

"खोली आधीच धरली होती?"

"हो."

नकाराची तयारी ठेवून बसलेली मी थोडी चकित झाले. "म्हणजे जहाज चुकणार हे तुम्हाला माहीत होतं?"

"चुकू शकतं, हे माहीत होतं, मॅडम. जहाजाच्या बसला उशीर झाला तर जहाज थांबतं, कारण ती सहल त्यांचीच असते. आपल्या गाडीसाठी कोण थांबणार? स्वतंत्र गाडी मी पहिल्यांदाच देत होते. म्हणून खोली बघून ठेवली, पुढच्या बंदराचं विमान बघून ठेवलं, दोघांच्या पासपोर्टच्या प्रती हॉटेलला पाठवल्या."

माझे हवालदार दाराशी उभे होते. ते म्हणाले, "बाई, चोरी करायच्या आधी जामीनदार शोधल्यासारखं झालं हे."

बाईंचा आवाज चढला. "हवालदारसाहेब, तयारी नसती तर मला निष्काळजी म्हणाला असता. तयारी केली तर चोर!"

त्यांच्या म्हणण्यानुसार त्या सव्वाचारला जहाजावर परतल्या होत्या, साडेचारनंतर जोडप्याला फोन लावत होत्या, पण तो लागत नव्हता, आणि जहाज पाच वाजता सुटले. तक्रारदार म्हणत होता, चार वाजून पाच मिनिटांनी जहाज धक्का सोडत होते. दोन्ही जबाब एकाच वेळी खरे असणे शक्य नव्हते. फोनच्या नोंदी तपासल्या. पण बाईंचा आणि तक्रारदाराचा, दोन्ही फोन आता भारतात होते आणि कॉलच्या वेळा भारतीय वेळेत दिसत होत्या. त्यातून कोणाचे घड्याळ काय दाखवत होते, हे कळेना.

सोमवारी तक्रारदाराची आई सुनेबरोबर जबाब द्यायला आली. खुर्चीत नीट बसल्यावर तिने कमरेची पिशवी सोडली आणि फोन काढला.

"बाय, ह्यो बघ. मी वरती उभी, नि ही दोघं खाली हात हलवतायत. मना वाटलं, टाटा करतायत! मी पन केला."

"आई, आम्ही जहाज थांबवा म्हणून ओरडत होतो!" सून म्हणाली.

"मना काय ठाव? येवढ्या उंचावरून कोनाचा आवाज येतोय?"

हवालदारांनी तोंड फिरवले. हसू त्यांच्या खांद्यांत दिसत होते.

सुनेनेही त्याच क्षणी धक्क्यावरून सुटत्या जहाजाचे चित्रीकरण केले होते. कठड्याशी हात हलवणारी सासू त्यात स्पष्ट दिसत होती. एकच प्रसंग, समोरासमोरून टिपलेला. सासूच्या फोनमध्ये नोंदलेली वेळ पाच वाजून सात मिनिटे. सुनेच्या फोनमध्ये चार वाजून सात.

असा फरक एकदाच आढळला तर तो अपघात असू शकतो. मी त्याच दिवसाचे सकाळचे फोटो मागितले. जोडपे गाडीत बसतानाचा फोटो सासूने काढला होता, सुनेने त्याच वेळी सेल्फी घेतला होता: सासूकडे नऊ वीस, सुनेकडे आठ वीस. खोटे बोलणाऱ्यांच्या वेळांतील फरक मी पुष्कळ वेळा मोजला आहे. तो सहसा कमीजास्त होत राहतो. हा सकाळ-संध्याकाळ तसूभरही हलला नव्हता. येथे कोणी खोटे बोलत नव्हते. दोन घड्याळे वेगळी होती.

सुनेने बेटावर उतरताच तिकडचे सिमकार्ड घातले होते, त्यामुळे तिच्या फोनने बेटाची वेळ घेतली. सासूचा फोन सिंगापूरपासून विमान मोडवर होता. सिंगापूर त्या बेटापेक्षा एक तास पुढे आहे. जहाज संपूर्ण प्रवासात सिंगापूरचीच वेळ पाळत होते, हे जहाज कंपनीने संध्याकाळी लेखी कळवले. बाईंचे मनगटी घड्याळही जहाजाच्या वेळेवर होते. यापूर्वीचे त्यांचे सर्व गट जहाजाच्याच बसने फिरले असल्यामुळे धक्क्यावरचे घड्याळ पाहण्याची त्यांना गरजच पडली नव्हती. 'साडेचार' हा निरोप त्यांनी दिला, पण कोणत्या घड्याळाचे साडेचार, हे सांगितले नाही.

मंगळवारी तक्रारदार आईला घेऊन आला. त्याला आणि बाईंना समोरासमोर बसवून मी हे समजावले. बाई तक्रारदाराला म्हणाल्या, "दादा, सगळं बघितलं मी. हेच राहिलं."

"म्हणजे चूक तुमचीच!"

"माझीच."

"मॅडम, मग गुन्हा लिहा की!"

"चूक आहे, फसवणूक नाही," मी म्हणाले. "फसवणुकीला आधीपासूनचा इरादा लागतो. नुकसानभरपाई हवी असेल तर ग्राहक आयोगाकडे जाता येईल."

तो रागातच उठला. आई मात्र जाता जाता बाईंना म्हणाली, "फुडच्या टायमाला माज्या गोल्या माज्याच पिशवीत ठेवा."

गुन्हा नोंदवण्याजोगा पुरावा नाही, असा अहवाल मी त्याच दिवशी वरिष्ठांना दिला. तो त्यांनी स्वीकारला आणि बुधवारी बाईंचा गट निघाला.

या प्रकरणाने मला शिकवले ते असे: सावध माणसाची तयारी आणि कटाची तयारी बाहेरून अगदी सारखीच दिसतात. दोन्हींत खोली आधीच धरलेली असते. म्हणून तयारी कशाची होती यापेक्षा तिच्यात काय राहून गेले, हे मी पुढे प्रत्येक तपासात आधी शोधू लागले. कट करणारा नेमकी वेळ विसरत नाही.

पुढच्या आठवड्यात त्याच बेटावरून बाईंचा फोन आला. या वेळी सहा जण स्वतंत्र गाडीने गेले होते.

"मॅडम, सगळे जहाजावर आले."

"किती वाजता?"

"जहाजाच्या घड्याळात विचारताय ना?" त्या हसल्या आणि वेळ सांगितली. प्रकरण बंद झाले होते, नोंद करण्याचे काहीच कारण नव्हते. तरी समोरच्या कागदावर मी ती वेळ लिहिली: ३.५०.