चार नंबरच्या खाटेवरची मावशी

पिंगळीच्या मावशीला बसलेलं मी कधी पाहिलं नाही. चहासुद्धा ती उभ्याउभ्या, वॉर्डाच्या दाराकडे डोळा ठेवून प्यायची. "बसलं की कान बंद होतेत, सिस्टर," म्हणायची. परभणीतल्या त्या लहानशा बाळंतपणाच्या दवाखान्यात मी नर्सिंगचं सर्टिफिकेट घेऊन नवी लागले होते. मावशी तिथली दाई; तिच्याकडे कागद कसलाच नव्हता, पण निम्मं गाव तिच्या हातावर जन्मलेलं.

नामांतराच्या दंगलीत एसटी बंद होत्या, तेव्हा ती पिंगळीहून रुळाच्या कडेने चालत कामावर आली. एरवी तिच्या हातचं पाणी न पिणाऱ्या बाया कळा सुरू झाल्या की तिचाच हात घट्ट धरायच्या. माझं डोकं फिरायचं. "आधी लेकरू येऊ दे, मग भांड," म्हणून ती मलाच कामाला लावायची.

आणि शिकवायची तरी कशी! माझा हात पोटावर ठेवून म्हणायची, "डोळे मिट. आता सांग, डोस्कं कुठं हाय?" चुकले की मनगटावर चापट. सर्टिफिकेटचा माझा तोरा महिनाभरात उतरला.

मग नर्सिंग होम नोंदणीच्या कायद्याखाली तपासणी होणार असल्याचं पत्र आलं. बाळंतिणीजवळ शिकलेली नर्सच हवी, नाहीतर नोंदणी मिळणार नाही. कायदा चुकीचा होता असं मी आजही म्हणणार नाही. अडाणी हातांनी दगावलेल्या बाया मी पाहिल्या आहेत. पण तपासणीच्या दिवशी दोन अवघड बाळंतपणं होती आणि डॉक्टरीणबाईंना मावशीला घरी पाठवायचा धीर होईना. शेवटी त्यांनी तिला शाल पांघरून चार नंबरच्या खाटेवर पेशंट म्हणून झोपवलं.

तपासणीला आलेले साहेब बाहेर वह्या बघत होते. शालीखाली मावशीची नुसती चुळबुळ. तेवढ्यात शेजारच्या खाटेवर, सकाळीच मोकळ्या झालेल्या पोरीला रक्तस्राव सुरू झाला. मी जागच्या जागी थिजले. मावशीने शाल भिरकावली आणि ती त्या पोरीचं पोट जोराने चोळायला लागली. "सुई दे! उभी ऱ्हाऊन काय बघायलीस!" मी इंजेक्शन दिलं. बऱ्याच वेळाने रक्त थांबलं.

साहेब डॉक्टरीणबाईंबरोबर आत आले, तेव्हा आम्ही दोघी खाटेशीच होतो. "कुणी आवरलं हे?" त्यांनी विचारलं. डॉक्टरीणबाईंचा चेहरा उतरला.

"मी," मी म्हणाले.

"आणि या बाई?"

"पेशंटच्या नात्यातल्या."

"शाबास, सिस्टर." त्यांनी माझं नाव लिहून घेतलं. दवाखान्याला नोंदणी मिळाली.

दुसऱ्या दिवसापासून मावशी आली नाही. रविवारी मी पिंगळीला गेले, तिच्या पायाशी बसून रडले. दवाखाना वाचवायला खोटं बोलले, असं तिला म्हणाले.

"तू बोललीस ते बरं केलंस," ती माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली. "पर बोलताना एकडाव माझ्याकडं बघायचं तरी होतंस."