वाळवंटात एक रात्र पुरते

मी जळगावच्या एका शाळेत भूगोल शिकवते, त्यामुळे वाळवंटात किती दिवस राहायचं हे ठरवण्याचा अधिकार आमच्या घरात फक्त माझ्याकडे होता. मी एक रात्र ठरवली. एक रात्र पुरते. संध्याकाळी उंट, मग नाचगाणं, सकाळी सूर्योदय, आणि त्यानंतर जिकडे बघाल तिकडे तीच वाळू! तिथं जाऊन आलेल्या समस्त मंडळींचंही इंटरनेटवर हेच मत होतं. भूगोल आणि इंटरनेट यांचं असं एकमत फार क्वचित होतं.

निमित्त होतं आमच्या नव्या गाडीचं. नाना (म्हणजे माझे सासरे) दीपनगरच्या वीज केंद्रातून निवृत्त झाले, तिथली क्वार्टर सोडून पिंप्राळ्याला आमच्या फ्लॅटमध्ये राहायला आले, आणि दिवसभर गॅलरीत बसून खालच्या रिक्षा बघायला लागले. माझा नवरा सुनील म्हणाला, "नाना-अक्कांना आपण कधी कुठं नेलंच नाही. चल, जैसलमेरला जाऊ. वाळवंटातल्या तंबूत राहू."

अक्का म्हणजे सासूबाई. माहेर धुळ्याकडच्या खेड्यातलं, त्यामुळे मनातलं बोलायचं झालं की सरळ अहिराणी. "वाळू देखाले इतलं लांब जानं? आपली तापी काय आटी गई का?" असं म्हणत म्हणत त्यांनी भरिताची वांगी, हिरव्या मिरच्या आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पिठाचा डबा डिकीत भरला. थंडीचे दिवस होते. थंडीत खानदेशी माणूस वांगी घेतल्याशिवाय जिल्ह्याची हद्द ओलांडत नाही.

माझ्यासाठी एकच गोष्ट महत्त्वाची होती. रविवारी धुळ्याला माझ्या धाकट्या बहिणीचा, पल्लवीचा साखरपुडा होता. तिला साडी मी नेसवायची, पाहुण्यांसमोर मी आणायची, हे तिनं दहावीत असल्यापासून ठरवून ठेवलेलं. "ताई, तू नसलीस तर मी खोलीबाहेर येणारच नाही," असं ती आम्ही निघताना फोनवर म्हणाली. मी म्हणाले, "अगं वेडे, मंगळवारी पोचतोय, बुधवारी निघतोय. मध्ये किती दिवस मोकळे आहेत बघ!"

मंगळवारी दुपारी आम्ही कॅम्पवर उतरलो. मॅनेजर भंवरसिंह स्वागताला आला. झुपकेदार मिशा, डोक्याला फेटा, आणि बोलण्यात एवढी साखर की चहात घालायची गरज नाही. त्यानं अगदी सहज विचारलं, "कितने दिन रुकेंगे?"

"एक रात," मी म्हणाले.

नानांचा चेहरा पडला. मला बाजूला घेऊन म्हणाले, "वैशाली, पाहुण्यानं आल्या आल्या जायचं बोलायचं असतं का? त्या माणसाला काय वाटलं असेल?"

"नाना, हे काही कुणाचं घर नाही. आपण पैसे भरून आलोय."

"पैसे घेतले म्हणून माणूस काय माणूस राहत नाही का?" नाना म्हणाले. हा धडा भूगोलात नाही.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. आमच्याकडे पाहुणा "निघतो" म्हणाला म्हणजे तो निघत नसतो. तो फक्त विषय काढतो. मग यजमानानं "अहो, आजचा दिवस थांबा" म्हणायचं, पाहुण्यानं "छे छे" म्हणायचं. यजमानानं पिशवी हिसकावायची, पाहुण्यानं ती परत ओढायची. तिसऱ्यांदा आग्रह झाला की पाहुण्यानं सुस्कारा सोडून चपला काढायच्या, कारण यजमानाचं मन मोडायचं नसतं. दीपनगरच्या कॉलनीत नाना या कामात नामांकित होते. त्यांनी एकदा स्वतःच्या मेहुण्याची पिशवी थेट पाण्याच्या टाकीवर नेऊन ठेवली होती! मेहुणा आणखी चार दिवस राहिला, आणि त्यातला निम्मा वेळ पिशवी खाली कशी आणायची या विचारात गेला.

तर बुधवारी सकाळी आम्ही निघालो. भंवरसिंह हात जोडून म्हणाला, "अरे नानासा, इतनी जल्दी? एक दिन और रुक जाइए!"

हे वाक्य तो सगळ्यांनाच म्हणायचा. आमच्या आधी निघालेल्या नवपरिणीत जोडप्यालाही म्हणाला होता. ती दोघं हसली, त्याच्याबरोबर फोटो काढला आणि गेली. पण नाना बॅग हातात धरून थांबले. "नहीं नहीं, जाना पडेगा," म्हणाले आणि जागचे हलले नाहीत. पाहुणा हलत नाही म्हटल्यावर भंवरसिंहची पंचाईत झाली. त्याच्याकडेही आग्रहाची रीत होतीच. तो म्हणाला, "हमारी मनुहार है, हुकम!" नाना म्हणाले, "छे छे." तो बॅगेला हात घालून म्हणाला, "आपको हमारी कसम!" झालं! तिसऱ्यांदा! नानांनी सुस्कारा सोडला आणि चपला काढल्या.

"सुनील, बापाला आवर," मी दात ओठ खात म्हणाले.

"एका दिवसानं काय होतंय? गाडी आपलीच आहे," सुनील म्हणाला. तो आधीच गादीवर आडवा झाला होता.

बरं, राहिलो तर गप्प राहावं! पण नानांच्या मते फुकटचा आग्रह अंगावर ठेवून जायचं नसतं, पाहुणचार परत करावा लागतो. म्हणून बुधवारी संध्याकाळी त्यांनी वाळूत भरीत पार्टी जाहीर केली. वांगी होती, पण भाजायला कपाशीच्या वाळलेल्या काड्या कुठून आणणार? नाना उंटवाल्यांना घेऊन तासभर वाळवंटात कपाशी शोधत होते! शेवटी कुठल्याशा काटेरी झुडपांवर वांगी भाजली. स्वयंपाकघराचा ताबा अक्कांनी घेतला. भंवरसिंहनं पहिलाच घास घेतला, आणि मिरचीनं त्याला मिशांपर्यंत घाम फुटला. तरी तो "वाह, नानासा, वाह" म्हणतच राहिला.

याचा परिणाम काय व्हायचा? गुरुवारी सकाळी आम्ही बॅगा घेऊन बाहेर आलो तर भंवरसिंह हात पसरून उभा! "आपने खिलाया, अब हमारी बारी!" नाना दोनदा नाही म्हणाले, तिसऱ्यांदा हो म्हणाले. दुपारी खास आमच्यासाठी दाल-बाटी आली. अक्कांनी ताटात बघितलं, बाटी फोडून तुपात कुस्करली, चाखली आणि माझ्या कानात म्हणाल्या, "वैशाली, हाई तं आपली वरण-बट्टीच शे! हाई खावाले इतलं लांब उनूत का?"

त्याच दुपारी धुळ्याहून आईचा फोन आला. "वैशू, कुठं पोचलात?"

"निघतोच आहोत."

"निघतोच म्हणजे? अगं आज गुरुवार ना! पल्लवी सारखी विचारतेय. काल रात्रीपासून नीट जेवली नाही पोरगी."

शुक्रवारी सकाळी निघालं तर शनिवारी रात्री उशिरा का होईना पोचता येणार होतं. त्यानंतर निघालं तर नाहीच. मी तडक भंवरसिंहला गाठलं आणि सगळं सांगून टाकलं. त्याच्या डोळ्यांत खरोखर पाणी आलं.

"मैडम, मैं भी फँसा हूँ! कल बडौदा से पूरा ग्रुप आ रहा है, आपका तंबू भी उन्हीं को देना है. लेकिन नानासा बैग लेकर खड़े रहते हैं, जाते ही नहीं! मुझे बोलना पड़ता है!"

"मग उद्या बोलू नका," मी म्हणाले. "काहीही झालं तरी बोलायचं नाही. फक्त नमस्ते."

"फक्त नमस्ते," त्यानं मराठीत शपथ घेतली.

संध्याकाळी मी निवांत मनानं टेकडीवर गेले. नाना वाळूत बसून मावळता सूर्य बघत होते. शेजारी अक्का, पदर कानांवरून घट्ट लपेटून. मी बसले तसे नाना म्हणाले, "मोठा माणूस आहे हा भंवर. रिटायर झाल्यापासून मला 'थांबा' म्हणणारा हा पहिलाच." मग वाळूवर बोट फिरवत, "कंपनीत शेवटच्या दिवशी हार घातला, नारळ दिला. सगळे म्हणाले, आता आराम करा. थांबा असं नाही म्हणालं कुणी. तसं म्हणता येत नाही म्हणा तिथं. वयच झालेलं असतं."

ते हसत हसत म्हणाले. तक्रार अशी नव्हतीच. पण मला आमची गॅलरी आठवली. पिंप्राळ्यात आमच्या दारावरून माणसं जातात, हात करतात, बसा म्हणायच्या आत निघून जातात. नानाही कुणाकडे गेले तर पंधरा मिनिटांत परत येतात. हे मी रोज बघत होते, आणि मला ते फार सोयीचं वाटत होतं.

शुक्रवारी सकाळी बॅगा बाहेर आल्या. सुनील गाडीत बसला. (भरीत, बट्टी आणि झोप यांनी तो भरपूर फुलला होता.) अक्का बसल्या. नाना बॅग घेऊन भंवरसिंहसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "अच्छा, निकलते हैं."

"नमस्ते, नानासा," भंवरसिंह म्हणाला.

नाना थांबले. भंवरसिंहनं माझ्याकडे बघितलं, मग वाळूकडे.

"बहुत दूर जाना है," नाना म्हणाले.

"जी. नमस्ते."

नानांनी बॅग एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. मला वाटलं, आता वळतील. वळले नाहीत. तिसऱ्यांदा अगदी हलक्या आवाजात म्हणाले, "तो फिर... निकलें?"

भंवरसिंहच्या मिशा थरथरल्या, पण शब्दाला जागला बिचारा! तोंड मिटून उभा राहिला. नानांनी मान डोलवली आणि गाडीकडे वळले. त्यांची चाल एकदम म्हातारी झाली होती. हार घालून घेतल्यावर दीपनगरच्या फाटकातून ते असेच बाहेर पडले असतील, असं मला वाटलं, आणि पुढचं मी केलं नाही, ते झालं.

"नाना!" मी ओरडले. "थांबू या ना! एकच दिवस!"

सुनीलनं गाडीतून डोकं बाहेर काढलं. "अगं, साखरपुडा!"

पण आता मला कोण आवरणार? मी नानांच्या हातातली बॅग ओढत होते. नाना म्हणाले, "छे छे." मी म्हणाले, "माझी शपथ आहे!" भंवरसिंहचा बांध फुटला. तोही बॅगेला झोंबला. "रुक जाइए, नानासा, रुक जाइए!" उंटवाले धावत आले. नानांनी एवढा मोठा सुस्कारा सोडला की आता सगळी वाळू उडते की काय! आणि चपला काढल्या.

त्या दिवशी आमच्या तंबूत बडोद्याची सहल उतरली आणि आम्ही स्वयंपाकघरामागे, कांद्या-बटाट्यांच्या तंबूत राहिलो. अक्का पोत्यावर बसून बडोदेकरांना बट्टीत तूप कसं मुरवायचं ते शिकवत होत्या. नाना प्रत्येकाला सांगत होते, "घरच्यांनीच थांबवून घेतलं, काय करणार!" तो माणूस इतका खूश मी आधी कधी बघितला नव्हता, नंतरही नाही. आता गुडघ्यांमुळे नाना जिना उतरत नाहीत, अक्कांना गाडी लागते. पुन्हा असा प्रवास होणे नाही. कांद्यांच्या वासातली ती रात्र मला आमच्या सगळ्या सहलींपेक्षा जास्त आठवते.

साखरपुडा मी गुजरातेतल्या एका धाब्यावर, फोनच्या पडद्यावर बघितला. पल्लवीला मामेबहिणीनं साडी नेसवली. ती खोलीबाहेर आली, पण फोनसमोर आल्यावर माझ्याकडे न बघता अक्कांशी बोलली.

पुढच्या रविवारी आम्ही क्षमा मागायला धुळ्याला गेलो. वाटलं होतं, नाना सांभाळून घेतील. म्हणतील, माझ्यामुळे राहिलं. नानांनी चहाचा घोट घेतला आणि भरल्या घरात म्हणाले, "मी तर बॅग घेऊन निघालोच होतो. त्या भंवरनं साधं थांबा पण नाही म्हटलं. आणि म्हटलं असतं तरी मी ऐकणार नव्हतो, पोरीचा साखरपुडा होता! पण वैशालीनं शपथ घातली. सुनेचं मन कसं मोडू?"

सगळ्या घरानं माझ्याकडे बघितलं. मी नानांकडे बघितलं. त्यांच्या डोळ्यांत एवढं कौतुक होतं की मी मान डोलवली आणि बिस्किट चहात बुडवलं.

पल्लवी आता माझ्याशी बोलते, तिचं लग्नही झालं, साडी मीच नेसवली. पण माहेरून निघताना मी बॅग उचलली, दारात रेंगाळले, दोनदा तीनदा "बरं, निघते" म्हटलं, तरी मला "थांब" म्हणत कुणी नाही. आई सांगते, "तिला उगाच रीत म्हणूनसुद्धा म्हणू नका. ती खरंच थांबते!"