दारात कोण होतं

पातेल्याच्या काठावर कालथा दोनदा आपटून मावशी म्हणायच्या, "कळंल की, शुक्रवारी कळंल." पाऊस कधी उघडेल विचारा, खिचडी कधी होईल विचारा, उत्तर हेच.

मुळशी धरणाच्या कडेला आमची दोन शिक्षकांची शाळा. पोरांना खिचडी शिजवून द्यायला नुकतीच सुरुवात झाली होती आणि ते काम मावशींकडे होतं. शुक्रवारी संध्याकाळी त्या माझ्या खोलीवर टीव्ही बघायला यायच्या. भुताखेतांची एक मालिका लागायची. तिच्यातल्या बाईचा नवरा पडक्या विहिरीकडे गेला तो आलाच नव्हता, पण दारावर रोज थाप पडायची. शनिवारची खिचडी खारट लागली की त्या बाईचं काही खरं नाही, हे पोरांनाही कळायचं. मीही मावशींना चिडवायचो.

चिडवायला नको होतं. मावशींचा नवरा सात वर्षांपूर्वी ताम्हिणी घाट उतरून कोकणात वीटभट्टीवर गेला, तो परतलाच नाही. दीर मागे लागला होता, की दर्भाचा पुतळा करून अग्नी देऊ, दिवस घालू, वहिनीनं कुंकू पुसावं. एका दुपारी त्या अगदी रडकुंडीला आल्या, तेव्हा मी थट्टेत म्हणालो, "मालिका संपेपर्यंत थांबा म्हणावं दिराला!"

त्यांनी खरंच तसं सांगितलं. देवळात, चार माणसांत. "तिचा मालक जिता निगाला तर माजा बी हाय. म्येला आसंल तर करा काय करायचं त्ये." आणि दिरानं ते मान्य केलं. तुम्ही हसाल, पण जे पोलिसांना सांगता आलं नाही, भगताला सांगता आलं नाही, ते या बाईनं विचारायचं तरी कुणाला?

शेवटच्या भागाला दीरही आला. थाप पडली. बाईनं दार उघडलं. तिचे भरून आलेले डोळे दिसले आणि नावांच्या पाट्या सुरू झाल्या. दारात कोण, ते दाखवलंच नाही. पर्व समाप्त.

"गुरुजी, फुडचं लावा की."

"संपली," दीर उठत म्हणाला.

"न्हाई वो भावजी! दार उघडलंय तिनं. कोन हाय त्ये बगू तर द्या!"

मावशींनी टीव्ही दोन्ही हातांनी धरला होता. साबणाची जाहिरात लागली तरी सोडला नाही. ती मालिका लिहिणारा समोर असता तर मी त्याच्या दोन थोबाडीत दिल्या असत्या.

आठवड्याभरात धरणाच्या कडेला पुतळा जळला. डोक्याच्या जागी नारळ. अंगावर घालायला जुना सदरा मावशींनीच आणून दिला.

नंतर त्यांचा एकच ध्यास. "कागद लिवा गुरुजी. येवडंच इचारा, दारात कोन हुतं." मी मालिकावाल्यांना लिहिलं. उत्तर कुठलं येतंय? त्या रोज विचारायच्या, रोज थोड्या वाळायच्या. शेवटी मला बघवेना. मीच एक उत्तर लिहिलं आणि वाचून दाखवलं, की दारात नवराच होता, जिवंत. त्या गोष्टीतल्या बाईचं तरी भलं झालं, एवढं समाधान त्यांना मिळेल असं वाटलं. माझी अक्कल तेवढीच.

मावशींनी कागद घेतला. उलटा धरला.

"जिता हुता?"

"हो."

"मंग आमी जित्या मानसाला जाळला व्हय, गुरुजी?"

मी हात जोडले. हे मीच लिहिलंय, खोटं आहे, असं तीनतीनदा सांगितलं. त्या मान हलवत राहिल्या. "आता समजूत नका घालू माजी."

दुसऱ्या दिवशी पोरं ताटल्या घेऊन बसली होती आणि चूल थंड होती. मावशी सकाळच्या एसटीनं कोकणात उतरल्या होत्या. त्या पुन्हा कुणाला दिसल्या नाहीत. मी कितीदा तरी ताम्हिणी उतरून वीटभट्ट्या पालथ्या घातल्या.

त्या गाडीचा कंडक्टर मला पुढे भेटला. म्हणाला, बाई तिकिटावरून हुज्जत घालत होत्या. जाताना एक द्या, येतानाची दोन आत्ताच फाडून ठेवा, म्हणत होत्या.