आण्णांच्या दारापुढं काढलेले बूट

माईकवर माझं नाव पुकारत होते आणि मी वाकून आण्णांचे जोडे फिरवत होतो.

माझ्या लेकाच्या स्मारकाचं उद्घाटन होतं. लेक फौजेत होता, सरहद्दीवरच्या लढाईत गेला. गावानं वेशीत काळ्या दगडाचं स्मारक बांधलं. आण्णा गावचे मोठे. हार घालायला चौथऱ्यावर चढले, जोडे पायरीशी काढले. मला कुणी सांगितलं नव्हतं. माझा हातच गेला. टाचा पायरीकडं, टोकं बाहेर. मालक उतरला की सरळ पाय घालतो. माझ्या बापानं त्यांच्या दारात जन्मभर तेच केलं. मलाही त्यानंच शिकवलं.

"वीरपिता कुठं आहेत?" मास्तर माईकवरून विचारत होता.

आण्णांनी वरून बघितलं. माझ्याहून वीस वर्षांनी लहान माणूस. "ह्यो काय हितं! ऱ्हाऊ दे रं म्हाताऱ्या, आज तुझा मान हाय."

सगळ्या गावानं ऐकलं. लोक हसले. मीही हसलो.

वर गेलो. आण्णांनी शाल घातली, नारळ दिला. मी आण्णांना हात जोडले. लेकाच्या दगडाला जोडायचे राहूनच गेले.

घरी सुनेनं शाल घडी करून ठेवली. मग म्हणाली, "मामा, तुमी ह्यास्नी बूट काढायला लावलं व्हतं. ध्यानात हाय का?"

"हाय."

विसरेन कसा? लेक शेवटच्या सुट्टीला आला होता. म्हसवडच्या स्टँडवर न्यायला गेलो. अंगात वर्दी, खांद्यावर बॅग, पायात काळेकुळकुळीत बूट. गावात शिरलं की वाटेत आण्णांचं दार. आमच्या वस्तीतल्या माणसानं त्या दारापुढून पायताण हातात घेऊन जायचं, अशी रीत. कायद्यानं कधीच गेली. पोरं पाळत नाहीत. मी पाळत होतो.

म्हटलं, "बूट काढ."

"आबा, फौजेचं बूट हायती ह्ये."

"फौज तिकडं. मला हितं ऱ्हायचंय."

तो माझ्या तोंडाकडं बघत राहिला. मग रस्त्यातच खाली बसला, नाड्या सोडायला लागला. लांब नाड्या, वेळ लागला. आण्णा ओसरीवर चहा पीत बघत होते. गोळीला न भ्यालेला माणूस नुसत्या मोज्यांवर फुफाट्यातून चालला. त्यांना भिऊन नाही. माझ्यासाठी. त्यानंतर गावात आला तो पेटीतून.

काल आण्णांचा माणूस घरी आला.

"आबा, रविवारी स्मारकाला वर्ष होतंय. स्मारकापाशी कार्यक्रम हाय. तुमी दोन शब्द बोला. आण्णांनी कागद लिहून दिलाय."

मी चौथीतून शाळा सोडलेली. बोट लावून लावून वाचला. गावानं लेकाला कसं घडवलं, आण्णांचा आमच्या घराला कसा आधार. वाचून झाल्यावर कागद त्याच्या हातात परत दिला.

"आण्णांस्नी सांग, म्हातारा सवताचं बोलणार हाय."

"सवताचं म्हंजी काय?"

"तवाच ऐक. आन् त्यास्नी म्हणावं, पुढंच बसा."

"आवं, कशाला वाकड्यात शिरताय? सूनबाईची अंगणवाडीची नोकरी हाय..."

सून दारातच उभी होती. म्हणाली, "नोकरीचं माझी मी बघीन. तुमी चला आता."

लेकाचं शौर्य मी सांगणार नाही. ते दगडावर कोरलंय, ज्याला वाचायचं त्यानं वाचावं. मी बुटांचं सांगणार. कुणी काढायला लावले, कुणाच्या दारापुढं, आणि कोण चहा पीत बघत होतं. दोघांचीही नावं घेणार. पहिलं माझं.