चिक्की खायला गेलेली म्हैस

दुसऱ्याच्या पोटातली गोष्ट बाहेर काढावी तर शालूबाईनंच. बेडसे गावाच्या आसपास कुणाची सोयरीक मोडली, कुणाची सून रुसून माहेरी गेली, सगळं तिला घरबसल्या कळायचं. ती विचारायची काही नाही. डोळे मोठे करून नुसतं ‘मग?’ म्हणायची. समोरचा आपोआप सांगून मोकळा.

वाडीच्या अंगणवाडीत ती मदतनीस. खिचडी शिजेपर्यंत पोरं नुसता कालवा करायची, म्हणून तिनं हीच विद्या त्यांच्यावर चालवली. कुणीतरी काहीही सुरू करायचं, बाईनं ‘मग?’ म्हणायचं. शेवट तिनं कधी सांगितला नाही. तिला तो ठाऊकच नसायचा, अन् कळल्याशिवाय चैनही पडायची नाही.

चार वर्षांची तेजल तेवढी दाद देईना. पोरगी अंगणवाडीत आल्यापासून तोंडाला कुलूप. आई काळजीनं अर्धी झालेली. आणि एका सकाळी पोरगी आपणहून बोलली.

“अंबाजीआबाची म्हस टेंपोत बसली.”

“अगं बया! मग?”

“लोणावळ्याला गेली.”

“कशापायी गं?”

“चिक्की खायाला.”

शालूबाईनं पातेलं तसंच सोडलं अन् पोरीला कडेवर उचललं.

आता योग बघा. त्याच दुपारी अंबाजीची म्हैस खरंच दिसेना. तो अंगणवाडीच्या दारात येऊन ओरडला, “पोरांनो, माझी म्हस कुटं दिसली का रं?”

“टेंपोत बसून लोणावळ्याला गेली,” तेजल म्हणाली. नवीनच तोंड फुटलेलं, थांबतंय कशाला! चिक्कीचं ऐकायला अंबाजी थांबलाच नाही. चोरी झाली म्हणत त्यानं पुतण्याला, संदेशला, मोटारसायकल काढायला लावली आणि लोणावळ्यात दुकानादुकानांत म्हशीची चौकशी केली. एका चिक्कीवाल्यानं विचारलं म्हणे, “पाव किलो देऊ का अर्धा?”

म्हैस वाडीमागच्या ओढ्यात कान हलवत बसलेली.

दोघं परतायच्या आत बातमी वाडीत हजर. कुणी फोन केला विचारू नका. मोटारसायकलवर दोघंच होते, आणि अंबाजीनं तर केला नसणार.

दुसऱ्या दिवशी अंबाजी लालबुंद होऊन दारात उभा. “शालूबाई, पोरांना खोटं बोलाया शिकवता व्हय? हे गोष्टींचं खूळ बंद करा, न्हाईतर मोठ्या म्याडमला सांगतो.”

तेजल दाराआड लपली. तोंडाला पुन्हा कुलूप. शालूबाईनं दाराकडं बघितलं. म्याडमचं काय एवढं, पण पोरगी पुन्हा गप झाली तर?

“करू की बंद, आबा,” ती म्हणाली. “पर तुमची म्हस अर्ध्यात कशी सोडायची? तेजल, लोणावळ्यात टेंपोतून उतरली. मग?”

दाराआड चिडीचूप. “मग गं?”

पोरं टक लावून बसलेली. अंबाजी निघतही नव्हता. त्यानं टोपी काढली, परत घातली.

“शेंगदाण्याची खाल्ली आसंल,” तो शेवटी पुटपुटला. “तितं तीच लय मिळती.”

“न्हाई!” तेजल दाराआडून बाहेर आली. “तिळाची. दातात अडकली.”

शालूबाईनं ‘मग’ म्हणायला तोंड उघडलं, पण तोवर अंबाजीच उंबऱ्यावर टेकून म्हणाला,

“आत्ता गं! मग?”