तलवाड्याचा उजवा बूट

आमचा मोटारसायकल संघ एकच उन्हाळा टिकला. जूनमध्ये आमच्या सरावाच्या पट्टीवर सोयाबीन पेरलं गेलं. माणसं चार, गाडी एक. माझं अक्षर बरं म्हणून मी सचिव झालो.

मातीच्या गोल पट्टीवर ब्रेक नसलेल्या गाड्यांची शर्यत आम्ही मोबाइलवर पाहिली होती. वळणावर स्वार आतला पाय जमिनीवर टेकवून गाडी घसरवतो, म्हणून त्या बुटाला लोखंडी तळ लावतात. तलवाड्यातल्या पडीक रानात आम्ही तसाच गोल आखला. मधोमध महादेवाची पिंड होती. तिला उजव्या हाताला ठेवून फिरायचं, यावर चर्चासुद्धा झाली नाही. महिनाभर आमचा स्वार उजवीकडे वळत राहिला आणि लोहारानं तळ उजव्या बुटाला ठोकला.

स्वाराच्या वडिलांचं किराणा दुकान. घाटनांदूरच्या शर्यतीसाठी त्यांची अट एकच: "पहिला आलास तर ठीक. न्हाई तर गाडी इकायची आन् दुकानात बसायचं."

तिथल्या मैदानावर पोचल्यावर कळलं, शर्यत डावीकडे वळते. जगभर तशीच वळते म्हणे. मी नियमावली तीनदा वाचली होती, तिच्यात दिशा दिली नव्हती. मोबाइलवर मात्र आम्ही सगळे फक्त बुटाखालच्या ठिणग्या बघत होतो.

पिंडीभोवतीच्या सरावाची गोष्ट ऐकून दुसऱ्या संघातला एक जण म्हणाला, "काय बे, शर्यतीला आलाव का देवदर्शनाला?"

"देवदर्शनालाच," आमचा स्वार म्हणाला. "महादेवाला कुठं पूर्ण फेरी असती? अर्धी जायची, मग उलटं फिरायचं. अर्धी तलवाड्यात झाली. ऱ्हायलेली हितं करतो." आणि उजवा बूट त्यानं डाव्या पायात कोंबला.

प्रमुख पाहुणे क्रीडासंस्कृतीवर बोलायला उभे राहिले. तेवढ्यात आमच्या स्वाराला मैदानामागे डावीकडे वळायचा सराव करायला चांगला पाऊण तास मिळाला. भाषणाचा उपयोग झालेला मी तेवढाच पाहिला.

शर्यत चार फेऱ्यांची. पहिल्या वळणावर तो शेवटचा होता. बाकीचे वळताना कुंपणाकडे वाहत जात. हा आतली कड सोडेना. पिंडीपासून लांब जायची सवयच नव्हती. शेवटच्या वळणावर दोघांच्या आतून निघाला आणि गाडीभर अंतरानं पहिला आला.

बूट दोघांनी ओढून काढला. पाहुण्यांनी माइकवरून आमच्या काटेकोर नियोजनाचं कौतुक केलं. सचिव या नात्यानं मी मान डोलावली.

स्वाराचे वडील गर्दीतून येऊन गाडी निरखत राहिले. "ब्रेक कुठं हाय?"

"न्हाई, आण्णा."

"मग थांबायचं कसं?"

"थांबायचंच न्हाई."

"बरं," ते म्हणाले. "दुकान माझं मी बघतो."